चौथ्या ट्रॅकवरचा आवाज

१५ मार्च १९८१, रविवार. स्टुडिओची पावती सहा तासांची, रक्कम रुपये एक हजार एकशे चाळीस. ही रक्कम चौघांनी सारखी वाटून घेतली. पाचवीकडून काही घेतलं नाही. ती पाचवी म्हणजे मास्तरांची धाकटी बहीण. वय एकोणीस, काम एकाच गाण्यात, आणि ते गाणंही रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला अगदी शेवटी.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. लिफ्ट बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत सुट्या भागांच्या गोदामावर ते कारकून होते. दिवसभर पुल्या, दोरखंड, दाराचे रोलर यांची नोंद ठेवायची आणि संध्याकाळी साडेसहाला चष्म्याच्या फ्रेमा बनवणाऱ्या कारखान्याच्या चौथ्या मजल्यावर जाऊन इलेक्ट्रिक पियानो वाजवायचा, असा त्यांचा तेव्हाचा दिनक्रम. बँडमध्ये कोणी काय वाजवायचं ते सगळं तेच लिहून आणत, रेघा आखून, सुवाच्य अक्षरात. कोणी चुकलं की पेन्सिलीने टेबलावर टकटक करत. म्हणून ते मास्तर.

ड्रम वाजवणारा ढोल्या. अंगाने काडी, वजन पंचेचाळीस किलो, म्हणूनच हे नाव. सॅक्सोफोन वाजवणारा फौजी, कारण तो लष्कराच्या बँडमधून निवृत्त होऊन आला होता. बास गिटार लंबूकडे. चौथ्या मजल्यावर जमत म्हणून बँडचं नाव 'चौथा मजला'. जॅझ घ्यायचं, त्यात रॉक घालायचं, वर आपल्याला येत असेल नसेल ते सगळं ओतायचं, असा त्यांचा प्रकार. याला फ्यूजन म्हणतात, असं मास्तर सांगत.

"फ्यूजन म्हण नाहीतर फ्यूज म्हण," ढोल्या म्हणायचा, "आपण वाजवायला लागलो की खालच्या मजल्यावरचे दिवे घालवून घरी जातात एवढं खरं."

बहीण तिथे यायची ती मास्तरांचा जेवणाचा डबा घेऊन. संध्याकाळची शिकवणी संपली की डबा पोचवायचा आणि भावाबरोबर परत जायचं. कोपऱ्यात फ्रेमांच्या खोक्यांवर बसून ती पुस्तक उघडायची आणि पुस्तकातून डोकं न काढता सॅक्सोफोनच्या बरोबरीने गुणगुणायची. एके दिवशी फौजी वाजवता वाजवता थांबला. गुणगुणणं चालूच राहिलं, तीन-चार सूर पुढे गेलं आणि मग लाजून थांबलं.

"मास्तर," फौजी म्हणाला, "हिला आत घ्या. नाहीतर मला बाहेर काढा."

शेवटच्या गाण्याचं नाव होतं 'उतरताना'. त्यात शब्द नव्हते. सॅक्सोफोन आणि तिचा आवाज एकमेकांच्या मागेपुढे जिने उतरत जायचे, एवढंच. त्या रविवारी स्टुडिओत ते दोनदा वाजवलं आणि दुसऱ्या वेळी जमलं. वाजवून झालं. ढोल्याने काठ्या खाली ठेवल्या आणि तो पाणी प्यायला बाहेर गेला, हीच त्याची दाद.

आता इथे थोडं मशीनबद्दल सांगायला हवं. स्टुडिओतली टेप होती बोटभर रुंद आणि तिच्यावर शेजारी शेजारी चार ट्रॅक. पहिल्यावर ड्रम, दुसऱ्यावर बास आणि पियानो, तिसऱ्यावर सॅक्सोफोन, चौथ्यावर आवाज. एखादा ट्रॅक पुसून त्याच जागी दुसरं काही भरता येई. पुसलेलं मात्र गेलं ते गेलं.

पुढच्या शनिवारी चारही ट्रॅक एकत्र करायला मास्तर एकटेच गेले. बाकीच्यांना त्या दिवशी कामावर जायचं होतं, आणि हे काम मास्तरांचंच असं सगळे धरून चालले होते. स्टुडिओच्या रेकॉर्डिस्टने 'उतरताना' लावलं. मास्तर डोळे मिटून ऐकत राहिले. या गाण्यावर त्यांनी पाच महिने घालवले होते. गोदामात, मालाच्या जुन्या कार्डांच्या पाठीमागे, एकेक सूर लिहून खोडून. आणि आता ऐकताना ते सगळं त्यांना तिच्यासाठी मांडून ठेवलेल्या खुर्च्यांसारखं वाटलं. बसायला आली होती ती. लोक तिच्याकडेच बघणार होते.

पियानोचा आणखी एक भाग त्यांच्याकडे लिहून तयार होता. त्याला टेपवर जागा नव्हती. "एक ट्रॅक मोकळा करावा लागेल," रेकॉर्डिस्ट म्हणाला. मास्तरांनी चौथा सांगितला. साडेपाच मिनिटांत तिच्या आवाजाच्या जागी त्यांचा पियानो बसला.

घरी आल्यावर बहिणीने विचारलं, "झालं सगळं?"

"झालं. पण रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीच्या माणसाने तुझा आवाज काढायला लावला."

"का?"

मास्तर इथे थांबू शकले असते. नाही माहीत, म्हणू शकले असते. पण समोरच्याने विचारलं की नोंद पूर्ण करायची ही त्यांची सवय. ते म्हणाले, "कच्चा आहे म्हणाले."

ती "बरं" म्हणाली आणि पानं वाढायला आत गेली.

नऊ एप्रिलला तिची आकाशवाणी केंद्रावर आवाजाची चाचणी होती. फौजीनेच अर्ज भरून दिला होता. त्या दिवशी तिला सर्दी झाली. मास्तरांनी तिच्या कपाळाला हात लावून बघितला, कपाळ थंड होतं, आणि ते कामावर निघून गेले. पुढच्या वर्षी ती टेलिफोन एक्स्चेंजच्या परीक्षेला बसली आणि पहिल्या फटक्यात पास झाली. तिथे तिने छत्तीस वर्षं नोकरी केली. हेडफोन लावून दिवसाला सहाशे-सातशे लोकांशी बोलायची, कुणाला कुणाशी जोडून द्यायची. साहेब म्हणायचे, बाईंचा आवाज असा की भांडायला आलेला माणूस नंबर विसरतो.

गाणं मात्र बंद झालं ते झालंच. तिने तसं काही जाहीर केलं नाही, शपथ घेतली नाही. कपड्यांच्या घड्या घालताना एखादा सूर यायचा, मग चोरी पकडल्यासारखी ती गप्प व्हायची. मुलगी झाली तेव्हा मास्तर भाचीला बघायला गेले. बघतात तो पाळण्याशेजारी टेपरेकॉर्डर, आणि त्यात बाजारातून आणलेली अंगाईगीतांची कॅसेट.

"अगं, तू म्हण की," मेहुणे हसत म्हणाले.

"पोरीने काय पाप केलंय?" ती म्हणाली. सगळे हसले. मास्तरही हसले.

रेकॉर्डच्या तीनशे प्रती निघाल्या. एकाहत्तर विकल्या गेल्या, त्यातल्या नऊ एकट्या फौजीच्या मामांनी घेतल्या, आणि मामांकडे रेकॉर्ड वाजवायचं यंत्रच नव्हतं. बँडचे दोन कार्यक्रम झाले. दुसऱ्यात मध्येच वीज गेली. ढोल्या अंधारात दहा मिनिटं एकटाच वाजवत राहिला, आणि लोकांना तेवढंच आवडलं. मग लंबू परदेशी गेला. फौजीच्या छातीत दुखायला लागलं आणि डॉक्टरांनी फुंकणं बंद करायला सांगितलं. मास्तरांनी पंच्याऐंशी साली पियानो विकून घरात फ्रीज आणला. ज्या पियानोसाठी एवढं केलं तो पाच वर्षंही हाताशी राहिला नाही, हे त्यांच्या मनात येऊन जायचं. फ्रीजचं दार उघडताना जास्त.

बहिणीला खरं सांगायचं त्यांनी ठरवलं नाही असं नाही. दर दोन-चार वर्षांनी ठरवायचे. कधी तिची बढती आड आली, कधी मुलीच्या परीक्षा, कधी मेहुण्यांचं आजारपण. काहीच आड नसलं की ते स्वतःच आड यायचे. मेहुणे गेले त्या आठवड्यात दोघं बहीणभाऊ तिच्या स्वयंपाकघरात बसले होते, तेव्हा शब्द अगदी ओठांवर होते. ती म्हणाली, "दादा, तू आहेस म्हणून बरं आहे रे." मग कसलं सांगताय.

अशी बेचाळीस वर्षं गेली. मास्तर अडुसष्ट वर्षांचे झाले, बहीण एकसष्टची. ढोल्याला साखर झाली, पोट सुटलं आणि त्याचं नाव अखेर त्याला शोभायला लागलं.

आणि एका मंगळवारी फोन आला. जुनी ध्वनिमुद्रणं जपणारं एक संग्रहालय होतं, तिथल्या बाई बोलत होत्या. त्या रेकॉर्डिस्टच्या मुलाने वडिलांची खोली रिकामी करताना रिळांची खोकी संग्रहालयाला दिली होती.

"काका, 'चौथा मजला'ची दोन रिळं आहेत. मूळ चार ट्रॅकची. असं काही आपल्याकडे वाजवलं जात होतं हेच कुणाला माहीत नाही हो! आम्हाला ती रेकॉर्ड नव्याने काढायची आहे. फक्त एक अडतंय. 'उतरताना'च्या डब्यावर चौथ्या नंबरला लिहिलंय 'आवाज', आणि पुढे कंसात 'बहीण'. रेकॉर्डवर तर आवाज नाही."

"कंपनीने काढायला लावला," मास्तर म्हणाले. बेचाळीस वर्षांनी तेच वाक्य तोंडातून इतकं सहज आलं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"असं होय? मग मूळ रिळावर असेलच. रीळ चिकटलंय, ते मंद आचेवर दोन दिवस भाजावं लागतं, मगच लावता येतं. पुढच्या बुधवारी या ना ऐकायला."

बहिणीला हे कळवायचं नाही, एकट्याने जाऊन यायचं, असं मास्तरांनी फोन ठेवता ठेवताच ठरवलं. रीळ खराब निघालं म्हणायचं. पण बाईंनी ढोल्यालाही फोन केला होता, आणि ढोल्याच्या पोटात काही राहत नाही.

संध्याकाळी सातला बहिणीचा फोन. "दादा! माझा आवाज सापडला म्हणे!"

"कोण म्हणालं?"

"कोण काय, तुमचा ढोल्या. रडत होता रे फोनवर. आधी मला वाटलं कोणी गेलं की काय. तू सांगणार होतास की नाही?"

"म्हटलं आधी नक्की होऊ दे. जुनी टेप आहे, खराब असेल. उगाच दगदग कशाला करतेस? मी ऐकून सांगतो."

"दगदग? एकसष्टाव्या वर्षी स्वतःचा एकोणिसाव्या वर्षीचा आवाज ऐकायला मिळतोय, मी रांगत येईन." मग जरा थांबून म्हणाली, "कच्चा तर कच्चा. एकदा कळू तर दे, किती कच्चा होता."

मास्तरांनी त्या रात्री माळ्यावरून रेकॉर्ड काढली. वाजवायला यंत्र नव्हतं, शेजाऱ्यांकडे होतं, पण मागायला गेले नाहीत. नुसतं पाकीट हातात घेऊन बसले. मागच्या बाजूला चौघांचा फोटो होता, कारखान्याच्या गच्चीवरचा. फोटो बहिणीने काढला होता. तेवढ्यासाठीही तिचं नाव कुठे घातलेलं नव्हतं.

आठवडाभर त्यांनी हिशेब मांडून पाहिले. रिळावर आवाज नाही हे नक्की. म्हणजे चौथ्या ट्रॅकवर पियानो निघणार. मग म्हणायचं, कंपनीने पुसायला लावला असणार, आणि मोकळी जागा मी भरली. यात खोटं एकच होतं, आणि ते जुनंच होतं. नवीन काही बोलावं लागणार नव्हतं. एवढ्या आधारावर ते बुधवारी घराबाहेर पडले.

बहीण बसथांब्यावर आधीच येऊन उभी होती. कडक इस्त्रीचे कपडे, खांद्याला पर्स, हातात पाण्याची बाटली.

"हसू नकोस हं," ती म्हणाली, "ऐकायलाच जायचंय, पण सकाळपासून दोनदा गुळण्या केल्या मी."

संग्रहालयाची खोली तळमजल्यावर मागच्या बाजूला होती. भिंतींना राखाडी स्पंज, खिडकी नाही, एका कोपऱ्यात भाजीपाला सुकवायचं यंत्र. बाई पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. "यातच भाजतो रिळं," त्यांनी अभिमानाने यंत्र दाखवलं. "सरकारी पैशात एवढंच बसलं." मग त्यांनी बहिणीकडे नीट पाहिलं. "तुम्हीच का त्या कंसातल्या?"

"मीच ती कंसातली," बहीण म्हणाली, आणि दोघी हसल्या.

टेप फिरायला लागली. बाईंनी एकेक ट्रॅक वेगळा ऐकवायचं ठरवलं होतं. पहिला ड्रम. कसलाही पसारा नाही, नुसत्या काठ्या आणि झांजा, आणि मधूनच ढोल्याचा स्वतःशी मोजण्याचा आवाज. मग बास आणि पियानो. लंबू जिथे नेहमी चुकायचा तिथेच चुकला. बहीण खुदकन हसली.

तिसरा ट्रॅक. फौजीचा सॅक्सोफोन खोलीत आला. त्याला जाऊन एकवीस वर्षं झाली होती, आणि त्याचा श्वास घेतलेला ऐकू येत होता. पहिला जिना तो एकटा उतरला आणि थांबला. त्या थांबलेल्या जागेत, दूरवरून, शेजारच्या घरात कोणी काम करता करता म्हणावं तसा एक आवाज आला.

मास्तरांनी मान वर करून फिरत्या टेपकडे बघितलं.

"हे काय?" बहीण कुजबुजली.

"तुम्हीच," बाई म्हणाल्या. "सगळे एकाच खोलीत उभे होतात ना? तुम्ही सॅक्सोफोनच्या समोर असणार. त्याच्या माईकमध्ये तुमचा आवाज सांडलाय. रेकॉर्डवर तो पियानोखाली दबून गेला." त्यांनी एक बटण हळूच वर सरकवलं. आवाज जवळ आला. आता फौजी दोन सूर वाजवायचा आणि ती त्यांतला एक उचलून घ्यायची, फिरवायची, अर्धवट सोडायची. एके ठिकाणी तिने एक सूर इतका वेळ धरला की फौजी वाजवायचा थांबला आणि नुसता वाट बघत राहिला.

बहीण खुर्चीच्या कडेवर बसली होती. दोन्ही हात मांडीवर, पंजे उताणे. टेप संपली तरी हलली नाही. मग म्हणाली, "दादा, हा कच्चा नाहीये रे."

"नाही."

"नाही ना? माझं सोड, मी तर काय म्हणणारच. बाई, तुम्ही सांगा. खरं सांगा, मला वाईट नाही वाटणार."

"ताई, मी बावीस वर्षं इथे ऐकतेय," बाई म्हणाल्या. "हे कच्चं असेल तर पिकलेलं मी अजून ऐकलंच नाही."

बहिणीने पर्समधून रुमाल काढला, डोळे पुसले, चष्मा पुसला, उगाचच पर्सही पुसली. "बहिरे होते काय रे तुझे कंपनीवाले? मी आपली चाचणीलासुद्धा गेले नाही. सर्दी कसली नि काय. भीती वाटली, तिथेही कोणी तेच म्हणेल म्हणून."

मास्तरांना हे माहीत होतं. त्या कपाळाचा थंडपणा त्यांच्या तळहाताला माहीत होता. सांगायची वेळ हीच, याहून सोपी वेळ येणार नाही, हेही त्यांना कळत होतं. त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "चला, उशीर होईल. बस चुकेल."

"अजून चौथा आहे की," बाई म्हणाल्या. "तिथे आवाज नाहीये, मी मधलं थोडंसं बघितलं, पियानोसारखं काहीतरी आहे. नीट ऐकलं नाही अजून."

"राहू द्या."

"का राहू द्या? लावा ना," बहीण म्हणाली. आनंदाने तिचा चेहरा फुलला होता आणि त्या आनंदात भावालाही ओढायचं होतं. "तुझा पियानो आहे दादा. मी माझं ऐकलं, तू तुझं नको ऐकायला? लावा हो बाई. जरा मागून लावा, अगदी पहिल्यापासून."

बाईंनी टेप मागे नेली, अगदी कोऱ्या पट्टीपर्यंत, आणि चौथा ट्रॅक एकटा सुरू केला.

आधी नुसती खरखर. मग खुर्ची सरकवल्याचा आवाज. मग खोलीतल्या सगळ्यांना ओळखीचा वाटेल असा एक आवाज, फक्त तरुण, घाईतला.

"हं, पुसा. चांगलं गायलीय, पण सगळं गाणं तीच खाऊन टाकते. तिला मी सांगतो काहीतरी."

दुरून, खोलीतल्या स्पीकरवर, काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टचं विचारणं, "नक्की ना? परत नाही येणार."

"नक्की. द्या पियानो."

आणि पियानो सुरू झाला.

बाईंचा हात बटणाकडे गेला आणि मध्येच थांबला. मास्तरांना काही समजेना. ते बाईंकडेच बघत राहिले, जणू चूक त्यांच्या यंत्राची होती. "हे... हे कसं..."

"त्या रेकॉर्डिस्टची पद्धतच होती," बाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "त्यांच्या सगळ्या रिळांवर असंच आहे. सुरुवात कापली जाऊ नये म्हणून वाजवणाऱ्याला न सांगता, गाण्याआधीच्या कोऱ्या पट्टीपासूनच मशीन चालू करायचे. तुमच्या पियानोच्या स्पीकरपुढचा माईक उघडा होता."

पियानो वाजत राहिला. साडेपाच मिनिटं. कोणी बंद केला नाही. बहीण पूर्ण ऐकत होती, मान किंचित कलती ठेवून, एक्स्चेंजमध्ये ऐकत असेल तशी.

संपल्यावर तिने विचारलं, "मग कच्चा कोण म्हणालं?"

"कोणी नाही."

"कोणी नाही म्हणजे?"

"मीच म्हणालो. कंपनीचा माणूस त्या दिवशी नव्हताच."

 मास्तर वाट बघत होते ती ओरडेल याची. ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. बाई उठून काहीतरी कागद शोधायला कपाटाकडे गेल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

"मागायचास ना रे," बहीण शेवटी म्हणाली. "तुला पियानो घालायचाय, जागा नाहीये, एवढंच म्हणायचंस. मी तो ट्रॅक दिला असता. हसत दिला असता. तू मागितलेलं मी कधी दिलं नाही, सांग."

"छोटे..."

"नाही, तू पुसलंस त्याचं नाही काही. पण तो एक शब्द कशाला जोडलास? नुसतं काढलं म्हणाला असतास, तर मी गेले असते चाचणीला." तिने बाटलीचं झाकण उघडलं आणि पाणी न पिता पुन्हा लावलं. "पोरीला मी एक गाणं म्हटलं नाही."

बाईंनी संमतीचे कागद आणले. नव्या रेकॉर्डवर काय घ्यायचं, कोणाची नावं घालायची. मास्तर घाईघाईने म्हणाले, "हिचा आवाज घ्या. तिसऱ्या ट्रॅकवरचा वर आणा, माझा पियानो काढून टाका. पूर्ण काढा."

"काही काढू नका," बहीण म्हणाली. तिने चष्मा लावला, कागद सावकाश वाचला आणि जिथे सही करायची तिथे केली. "होतं तसंच छापा. पियानो चांगला वाजवलाय. आणि माझं नाव नको. मला फक्त तो तिसरा ट्रॅक एका पेन ड्राइव्हवर द्या, चालेल का? मुलीला पाठवायचाय."

बाईंनी दिला. तिने तो पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला आणि चेन दोनदा ओढून बघितली.

परतीच्या बसमध्ये बरीच जागा होती. ती खिडकीशी बसली आणि शेजारच्या जागेवर पर्स ठेवली. मास्तर मागच्या बाकावर बसले. कंडक्टर आला, मास्तरांनी पाचशेची नोट काढली, तर त्याच्याकडे सुटे नव्हते. "सकाळपासून सगळे पाचशेचीच दाखवतायत, मी काय बँक आहे?" तो कुरकुरला. बहिणीने मागे न बघता दोन तिकिटांचे सुटे दिले आणि एक तिकीट खांद्यावरून मागे केलं. मास्तरांनी ते घेतलं. पूर्ण रस्ताभर त्यांना तिच्या मानेवरचे पांढरे केस दिसत होते.

तिचा थांबा आला. एरवी ती उतरताना "येते रे" म्हणायची, आणि वर, "गोळ्या घे वेळेवर." या वेळी उठली, दांडा धरत धरत दारापर्यंत गेली आणि उतरली. बस निघेपर्यंत मास्तर काचेतून बघत होते. ती फुटपाथवर उभं राहून पर्सची चेन पुन्हा एकदा तपासत होती.

त्यांनी दुसऱ्या दिवशी फोन केला. वाजून वाजून बंद झाला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. ढोल्या म्हणाला, "माझ्याशी बोलली की. बरी आहे. काय रे, तुझं काही बिनसलंय का तिच्याशी?" मास्तर म्हणाले, नाही. मग घटकाभराने ढोल्याला परत फोन लावून त्यांनी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ढोल्याने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "त्या रविवारी तिचं गाणं झाल्यावर मी पाणी प्यायला बाहेर गेलो होतो ना, ते पाणी प्यायला नव्हतो गेलो," आणि फोन ठेवला.

नवव्या दिवशी मास्तर तिच्या घरी गेले. बेल वाजवली. दार उघडलं ते साखळीपुरतं. फटीतून तिचा अर्धा चेहरा दिसला. रागावलेला नव्हता, नुसता दमलेला.

"दादा, आत्ता नको."

"मग कधी येऊ?"

"ते मला माहीत नाही," ती म्हणाली आणि दार अगदी हळू लावलं.

मास्तर दोन जिने उतरून रस्त्यावर आले. तिच्याशी काय बोलायचं याचा त्यांनी वाटेत विचार केला होता, त्यातलं काहीच बोलता आलं नव्हतं. खिशात सुटे आणले होते, तेही द्यायचे राहिले. तिकिटाचे अठरा रुपये तिला अजून द्यायचे आहेत.